मोपाच्या सड्याभोवती

पेडणे महालात, १७८८ साली सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीज अमलाखाली गेलेल्या मुलखात, जांभ्या दगडाचा जो विस्तीर्ण सडा मोपा गावाच्या माथ्यावर पसरला आहे, त्याचा मोठा भाग मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या (उद्घाटन : ११ डिसेंबर २०२२) कुंपणात गेल्यामुळे, पदभ्रमण करणाऱ्यास आता उतारावरच्या वाड्या आणि काजूच्या बागायती यांमधूनच प्रदक्षिणा घालावी लागते. श्रावणात मात्र जांभ्याच्या एखाद्या ओल्या खळग्याशी ओणवे होऊन अवश्य पाहावे : बोटभर दांड्यावर सीतेच्या आसवांचे निळेजांभळे फूल डुलत असते, आणि खाली चिखलात त्याच वनस्पतीच्या सूक्ष्म पिशव्या जलकीटक गिळून, निःसत्त्व दगडावर दुर्लभ असलेले नत्र मिळवीत असतात. शेवाळलेल्या कातळावर पाऊल जपून टाकावे. कोणाच्या बागायतीत शिरण्यापूर्वी धन्याची परवानगी घ्यावी.