सुरत जिल्ह्यातील ग्रामपंचायत : दफ्तर, जमीन आणि रहिवासी

सुरत जिल्ह्यातील ग्रामपंचायत ही संस्था मराठी वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही, कारण १ मे १९६० पर्यंत हा जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात मोडत होता आणि १९५८ चा मुंबई ग्रामपंचायत अधिनियम सुरतलगतच्या चोर्यासी तालुक्याला जितका लागू होता तितकाच खानदेशातील शिरपूर किंवा अमळनेर तालुक्यालाही लागू होता. राज्ये वेगळी झाल्यावर महाराष्ट्राने गावपातळीसाठी तोच अधिनियम चालू ठेवला आणि जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांसाठी १९६१ साली स्वतंत्र कायदा केला. गुजरातने मात्र ग्राम, तालुका व जिल्हा या तिन्ही पायऱ्या एकाच कायद्यात बसवल्या आणि तो १ एप्रिल १९६३ पासून अमलात आणला. ज्यांच्या समितीने १९५७ साली लोकशाही विकेंद्रीकरणाची त्रिस्तरीय रचना देशापुढे मांडली होती, ते बळवंतराय मेहता १९६३ सालीच गुजरातचे मुख्यमंत्री झाले, त्यामुळे या रचनेला आरंभीच्या काळात तिच्या प्रवर्तकाचेच पाठबळ लाभले. पुढे ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनात्मक दर्जा दिल्यानंतर गुजरातने १९९३ चा नवा पंचायत अधिनियम केला, आणि आज तेथील ग्रामपंचायतींचा कारभार याच अधिनियमानुसार चालतो.

मूळ एक असले तरी दोन्ही राज्यांतील कार्यालयांची नावे व अधिकारांची वाटणी काळाच्या ओघात बदलत गेली. महाराष्ट्रातील पंचायत समितीच्या जागी गुजरातेत तालुका पंचायत आहे, गटविकास अधिकाऱ्याच्या जागी तालुका विकास अधिकारी आणि जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या जागी जिल्हा विकास अधिकारी आहे. सर्वांत अर्थपूर्ण फरक गावच्या दफ्तरात दिसतो. महाराष्ट्रात जमिनीच्या नोंदी ठेवणारा तलाठी महसूल खात्याचा आणि सभेचे इतिवृत्त लिहिणारा ग्रामसेवक ग्रामविकास खात्याचा, असे दोन वेगळे कर्मचारी पूर्वापार राहिले. गुजरातेत ही दोन्ही कामे दीर्घकाळ ‘तलाटी कम मंत्री’ या एकाच कर्मचाऱ्याकडे होती. येथे मंत्री म्हणजे पंचायतीचा सचिव, जो सभेची नोटीस काढतो, ठराव नोंदवतो, करवसुलीचा हिशेब ठेवतो आणि रहिवासाचा दाखला देतो. अलीकडच्या काळात गुजरातेतही महसुली तलाट्यांची वेगळी पदे निर्माण झाली, तरीही पंचायत घरात कामासाठी आलेला माणूस आजही आधी तलाटी आहे का, हेच विचारतो, आणि एका तलाट्याकडे एकाहून अधिक गावे असली की त्याचा येण्याचा वार हाच गावाचा कामाचा वार ठरतो.

या दफ्तराला सुरत जिल्ह्यात एक इतिहासही आहे. १९२८ च्या बारडोली सत्याग्रहात सरकारने वाढवलेल्या शेतसाऱ्याविरुद्ध शेतकरी उभे राहिले, तेव्हा अनेक गावांच्या पटेलांनी आणि तलाट्यांनी राजीनामे दिले, आणि सुमारे २२ टक्क्यांची वाढ चौकशीनंतर सहा टक्क्यांच्या आसपास खाली आली. सारावसुलीचे यंत्र गावच्या माणसांच्या हातांनी चालते आणि त्याच हातांनी ते थांबवताही येते, हे तेव्हा सिद्ध झाले. गावाने एकत्र बसून निर्णय घेण्याची ताकद येथे कायद्याने दिलेल्या पंचायतीहून जुनी आहे, असे म्हणावे लागते.

पंचायतीच्या नित्य कामाची यादी मात्र कोणत्याही गावासारखीच आहे. घरवेरो म्हणजे घरपट्टी, पाणीवेरो, दिवाबत्ती आणि सफाईचा कर हे तिचे स्वतःचे उत्पन्न. वित्त आयोगाचे अनुदान हा दुसरा आणि बहुतेक गावांत मोठा आधार. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ नंतरच्या काळासाठी या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांना बांधून दिली आणि ४० टक्के गावाच्या निवडीवर सोडली, म्हणजे मासिक सभेत खरा वाद होऊ शकतो तो उरलेल्या या भागावरच. पाणीपुरवठ्यासाठी गुजरातेत गावोगावी पाणी समित्या असतात, आणि त्याखेरीज प्रत्येक ग्रामपंचायतीत सामाजिक न्याय समिती असावी असा गुजरातच्या कायद्याचा दंडक आहे. अनुसूचित जाती, जमाती व दुर्बल घटकांच्या वस्तीपर्यंत रस्ता, नळ आणि दिवा पोहोचतो की नाही हे पाहणे हे तिचे काम. ज्या गावात या समितीची बैठक खरोखर होते तेथे तिच्याइतके उपयोगी साधन दुसरे नाही, कारण तक्रार करणाऱ्याला तेथे सरपंचाच्या मर्जीची वाट पाहावी लागत नाही.

सरपंच थेट मतदानाने निवडला जातो आणि निवडणूक पक्षचिन्हांवर होत नाही. महिलांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणाऱ्या दुरुस्तीला राज्यपालांची संमती २०१४ साली मिळाली. तिच्यासोबत आलेल्या सक्तीच्या मतदानाच्या तरतुदीला उच्च न्यायालयाने २०१५ साली स्थगिती दिली, पण महिलांचे निम्मे आरक्षण टिकले. गुजरातची स्वतःची म्हणावी अशी गोष्ट म्हणजे २००१ पासूनची समरस योजना : जे गाव सरपंच व सदस्य बिनविरोध निवडते त्याला राज्य सरकार प्रोत्साहनाचे अनुदान देते. निवडणुकीतून येणारी भाऊबंदकी टळावी हा तिच्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. तरीही बिनविरोध निवडीची बोलणी ज्या ओसरीवर होतात त्या ओसरीवर बसण्याचा मान गावातील सर्वांना सारखा नसतो, आणि मतपेटी नाहीशी झाली की भूमिहीन कुटुंबाच्या हातातील एकमेव मोजता येणारी गोष्ट नाहीशी होते. म्हणून अनुदानाच्या मोबदल्यात निवडणूक सोडणे हा गावाच्या दृष्टीने महागाचा व्यवहार ठरण्याचा धोका कायम राहतो.

जिल्ह्याचा नकाशा पूर्वेकडून पश्चिमेकडे पाहिला तर पंचायतीपुढचे प्रश्न किती वेगळे आहेत ते लक्षात येते. उमरपाडा, मांडवी, मांगरोळ, महुवा या पूर्वेच्या तालुक्यांत अनुसूचित क्षेत्र आहे आणि तेथे १९९६ चा पेसा कायदा लागू होतो, म्हणजे गौण वनोपज, गौण खनिजे आणि गावच्या जमिनीविषयी ग्रामसभेचे मत कायद्याने आवश्यक ठरते; गुजरातने त्याचे नियम २०१७ साली केले, महाराष्ट्राने २०१४ साली. मधल्या बारडोली, कामरेज, पलसाणा पट्ट्यात ऊस आणि सहकारी साखर कारखाने आहेत. पश्चिमेला शहर आहे आणि समुद्राकडे हजिऱ्याचा अवजड उद्योगांचा पट्टा. तेथील गावांपुढचा पहिला प्रश्न पिकाचा नसून जमिनीचा आहे.

जमिनीचा हा प्रश्न समजून घेण्यासाठी दोन संज्ञा लागतात. गामतळ म्हणजे आपल्याकडील गावठाण, जेथे घरे बांधायची असतात. गौचर म्हणजे गायरान, गावच्या गुरांसाठी राखलेले सामायिक कुरण. दर १०० गुरांमागे ४० एकर गौचर असावे असे गुजरातचे प्रमाण आहे, आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. परंतु शहराच्या कडेला जमिनीचा भाव जसजसा वाढतो तसतशी गुरे कमी होतात, गुरे कमी झाली की कुरणाची गरज उरली नाही असे म्हणणे सोपे जाते, आणि ज्या जमिनीवर पुढे शाळा, दवाखाना किंवा स्मशानभूमी करता आली असती ती आधीच हातची गेलेली असते. गौचरासंबंधीचा ठराव हा म्हणूनच पंचायतीच्या वहीतील सर्वांत जपून वाचायचा ठराव आहे.

पश्चिमेच्या गावांवर दुसऱ्या एका संस्थेचा अधिकार चालतो. १९७६ च्या गुजरात नगररचना कायद्याखाली १९७८ साली सुरत शहरी विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि शहराभोवतीची अनेक गावे त्याच्या क्षेत्रात आली. तेव्हापासून तेथील बांधकामाची परवानगी आणि नगररचना योजना प्राधिकरणाकडे गेल्या. नगररचना योजना म्हणजे अनेक मालकांच्या जमिनी एकत्र आखून, रस्ते व सार्वजनिक सोयींसाठी काही हिस्सा काढून घेऊन, उरलेले भूखंड मूळ मालकांना परत देणे. पद्धत म्हणून ती सक्तीच्या भूसंपादनापेक्षा न्याय्य आहे, यात शंका नाही. पण तिचे लाभधारक सातबारावर नाव असलेले मालक असतात, आणि ज्याचे नाव कोणत्याही उताऱ्यावर नाही त्याला तिच्यात स्थान नाही. मग शहराची हद्द वाढते. २००६ साली २७ ग्रामपंचायती व ८ नगरपालिका सुरत महानगरपालिकेत आल्या आणि शहराचे क्षेत्र ११२.२८ वरून ३२६.५१५ चौरस किलोमीटर झाले. २०२० साली आणखी २७ ग्रामपंचायती व २ नगरपालिका आल्या आणि ते सुमारे ४६२ चौरस किलोमीटरवर गेले. कठोर, वेलंजा, लसकाणा, भाठा, इच्छापोर ही नावे तेव्हापासून पंचायतीची राहिली नाहीत.

विलीनीकरणाने गावाला मोठी जलवाहिनी, भुयारी गटार आणि शहर बससेवा मिळण्याची वाट मोकळी होते, आणि ते लहान यश नव्हे. पण त्याच दिवशी ग्रामसभा संपते. महानगरपालिकेत ३० प्रभाग आणि १२० नगरसेवक आहेत. एका प्रभागात लाखांच्या घरात लोक राहतात, तर ग्रामपंचायतीच्या वॉर्डात काही शेकडा मतदारांमागे एक सदस्य असतो आणि त्याचे घर सर्वांना ठाऊक असते. ग्रामसभेत कोणत्याही मतदाराला उभे राहून खर्चाचा हिशेब विचारता येतो. प्रभागातील नागरिकाला तसे विचारण्याची जागा कायद्याने ठरवून दिलेली नाही. ही हानी नकाशावर दिसत नाही, म्हणून ती मोजलीही जात नाही.

तरी सर्वांत गंभीर उणीव विलीन न झालेल्या गावांत आहे आणि तिचा संबंध थेट मराठी माणसाशी येतो. तापी खोऱ्यातील रेल्वेमार्गाने सुरत खानदेशाशी जोडले गेल्यापासून धुळे, नंदुरबार, जळगाव जिल्ह्यांतील कुटुंबे कामासाठी या शहरात येत राहिली. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली हे भाग अहिराणी बोलीने भरलेले आहेत, महानगरपालिका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळा चालवते, आणि शहराच्या राजकारणात या समाजाला स्थान मिळाले आहे. मात्र यंत्रमाग व प्रोसेसिंगचा उद्योग आता पलसाणा तालुक्यातील जोळवा, तांतीथैया यांसारख्या गावांत पसरला आहे, जेथे ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहार आणि खानदेशातून आलेले कामगार एकेका खोलीत दाटीने राहतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३ प्रमाणे ग्रामसभा म्हणजे गावाच्या मतदारयादीत नाव असलेल्या व्यक्तींची सभा. ज्याचे नाव अजून शिरपूर तालुक्यातील गावाच्या यादीत आहे तो कामगार जोळव्याचे पाणी पितो, तेथील गटाराशेजारी राहतो, खोलीच्या भाड्यातून मालकाचा घरवेरोही अप्रत्यक्षपणे भरतो, पण ग्रामसभेच्या दृष्टीने तो तेथे नसतोच. आणि ज्या गावच्या यादीत त्याचे नाव आहे तेथील ग्रामसभेला तो वर्षातून एकदाही हजर नसतो. निवडणुकीच्या वेळी उमेदवार गाड्या पाठवतात तेव्हा मतदानापुरता जातो.

उसाच्या पट्ट्यातील तोडणी कामगारांची अवस्था याहून कठीण आहे. डांग, नंदुरबार आणि धुळे भागांतून दिवाळीच्या सुमारास येणाऱ्या, पती-पत्नी मिळून एक कोयता म्हणून मोजल्या जाणाऱ्या या आदिवासी जोडप्यांवर डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९६० च्या दशकापासून दक्षिण गुजरातेत केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. गळीत हंगामाचे काही महिने त्यांचे पडाव गावाच्या शिवेत, शेताच्या कडेला असतात. पंचायतीच्या दृष्टीने ते मतदार नाहीत, करदाते नाहीत आणि कायमचे रहिवासीही नाहीत, त्यामुळे पडावावर पाणी, उजेड, शौचालय आणि मुलांसाठी अंगणवाडी पुरवणे हे कोणाचेच कर्तव्य ठरत नाही. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम कारखान्याकडे, आणि पंचायतीला विचारणारा कोणी नसतो. ज्या तालुक्याने १९२८ साली देशाला सामुदायिक निर्धाराचा धडा दिला त्या तालुक्याच्या शिवारात ही स्थिती चालू राहणे दुःखदायक आहे.

उपाय कायद्याच्या बाहेर शोधावा लागत नाही. ग्रामपंचायतीची मतदारयादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते, आणि ज्या ठिकाणी माणूस सामान्यतः राहतो तेथे नाव नोंदवण्याचा हक्क १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने त्याला दिला आहे. अडचण पुराव्याची आहे : खोलीमालक भाडेकरार लिहून देत नाही, वीजबिल त्याच्या नावावर असते, आणि करारावाचून रहिवासाचा दाखला देण्यास दफ्तर तयार होत नाही. कामगारालाही नाव हलवण्याची भीती वाटते, कारण गावाकडचे रेशनकार्ड, घरकुलाच्या यादीतील क्रमांक आणि भावकीतील हक्क हे सारे त्या जुन्या नोंदीला टांगलेले असतात. गुजरातेत मुदत संपलेल्या हजारो ग्रामपंचायतींवर दीर्घकाळ वहिवटदार, म्हणजे सरकारने नेमलेले प्रशासक, कारभार पाहत होते, आणि अखेर २२ जून २०२५ रोजी मतदान झाले. नव्याने निवडून आलेल्या सदस्यांपैकी गिरणीच्या गावांतील सदस्यांनी भाडेकरूंच्या खोल्यांची नोंदवही करण्याचा, तिच्या आधारे दाखले देण्याचा आणि तोडणीच्या हंगामापुरते पडावांवर नळ व दिवे देण्याचा ठराव करण्यास कोणतीही नवी तरतूद लागत नाही. खर्चाचा मोठा भाग पाणी व स्वच्छतेच्या बांधील अनुदानात बसतो, आणि ठराव मांडण्याचा अधिकार प्रत्येक सदस्याला आहे.