हॉर्मोन-ग्राही कोशिका परीक्षा

हॉर्मोन-ग्राही कोशिका परीक्षा : एखादे संयुग हॉर्मोनाच्या ग्राहीवर (हॉर्मोनाचा रेणू ज्याला जोडला जाऊन आपली क्रिया घडवून आणतो त्या प्रथिनावर) परिणाम करते किंवा नाही, हे जननिक फेरफार केलेल्या संवर्धित कोशिकांच्या (पेशींच्या) साहाय्याने ठरविण्याची पद्धत. औषधे, कीटकनाशके, प्लॅस्टिकातील घटक इत्यादींची प्राथमिक छाननी तिच्याद्वारे करतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः स्त्रीमदजन (ईस्ट्रोजेन) ग्राहीचा विचार केला आहे.

अशा छाननीची निकड अनुभवातून पटली. १९३८ मध्ये तयार केलेले डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे कृत्रिम स्त्रीमदजन गर्भपात टळावा म्हणून अनेक गर्भिणींना देण्यात येत असे. अशा मातांच्या तरुण मुलींना योनिमार्गाचा एक दुर्मिळ कर्करोग होतो, असे बॉस्टन येथील आर्थर हर्ब्स्ट व त्यांचे सहकारी यांनी १९७१ मध्ये दाखविले. या संयुगाची रासायनिक संरचना नैसर्गिक स्त्रीमदजनासारखी स्टेरॉइड स्वरूपाची नाही; तरीही ग्राही त्याचा स्वीकार करतो. पुढे प्लॅस्टिकाच्या प्रयोगपात्रांतून पाझरणारी नोनिलफिनॉल (१९९१) व बिस्फिनॉल-ए (१९९३) ही संयुगेही स्त्रीमदजनासारखी क्रिया करतात, असे आढळले. संयुग देऊन उंदराच्या अपक्व मादीच्या गर्भाशयाचे वजन वाढते काय, हे पाहण्याची जुनी रीत हजारो संयुगांना लावणे व्यवहार्य नव्हते.

कार्यपद्धती : हॉर्मोन जोडले गेल्यावर ग्राहीचे दोन रेणू एकत्र येतात, डीएनएच्या विशिष्ट अनुक्रमाला चिकटतात व त्यापुढील जीन कार्यान्वित करतात. हाच अनुक्रम काजव्याच्या ल्युसिफेरेज या एंझाइमाच्या जीनाआधी जोडून ती रचना कोशिकेत कायमची बसवितात. ग्राही कार्यान्वित झाला की, कोशिकेत हे एंझाइम तयार होते. नंतर ल्युसिफेरिन हे द्रव्य मिसळल्यास प्रकाश पडतो आणि तो उपकरणाने मोजता येतो. रोधक संयुग ओळखण्यासाठी कोशिकांना नैसर्गिक हॉर्मोन व परीक्ष्य संयुग एकत्र देतात व प्रकाश किती घटतो ते पाहतात. कोशिका मेल्यानेही प्रकाश घटतो. म्हणून त्यांची जीवनक्षमता स्वतंत्रपणे तपासावी लागते.

आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २००९ मध्ये स्वीकारलेल्या ४५५ क्रमांकाच्या पद्धतीत हेला-९९०३ ही कोशिका-शाखा वापरतात. मूळ हेला कोशिका हेन्रिएटा लॅक्स या रुग्ण स्त्रीच्या अर्बुदातून १९५१ मध्ये बॉल्टिमोर येथे तिच्या संमतीविना घेतलेल्या होत्या. या परीक्षेत प्रमाण हॉर्मोनाच्या प्रतिसादाच्या किमान १०% प्रतिसाद पुनरावृत्तीतही मिळाल्यास संयुग क्रियाशील मानतात. पौरुषजन (अँड्रोजेन) ग्राहीसाठी चिनी हॅम्स्टरच्या अंडाशयातील कोशिकांपासून तयार केलेली शाखा वापरतात.

मर्यादा : कोशिका-शाखेची ओळख वेळोवेळी पडताळावी लागते. अंडाशयाच्या कर्करोगातील म्हणून वापरली जाणारी बीजी-१ ल्युक ही शाखा स्तनाच्या कर्करोगातील एमसीएफ-७ शाखेचाच प्रकार असल्याचे आढळल्यामुळे २०१६ मध्ये तिचे नाव व्हीएम-७ ल्युक असे बदलण्यात आले. सोयाबीनमधील जेनिस्टीन जास्त संहतीत असता ग्राहीशी संबंध नसलेला जादा प्रकाशही दिसतो. याउलट, मेथॉक्सिक्लोर या कीटकनाशकाचे यकृतात रूपांतर झाल्यावरच प्रबळ क्रिया दिसते. यकृताची एंझाइमे नसलेल्या कोशिकांत ती हुकू शकते. टॅमॉक्सिफेन स्तनात रोधक, तर गर्भाशयात उत्तेजक ठरते. एका शाखेवरून असा भेद कळत नाही.

यामुळे प्रकाश पडला म्हणजे अपाय सिद्ध झाला असे नव्हे आणि न पडल्यास निर्धोकपणाची हमीही मिळत नाही. कोणत्या संयुगांची अधिक तपासणी आधी करावी, एवढे ही परीक्षा सांगते. मात्रा, संपर्काचा काळ व विशेषतः गर्भावस्था यांचा विचार त्यापुढेच करावा लागतो. [⟶ हॉर्मोने].