सहा अंशांत उकाड्याने मरणारा मासा

अंटार्क्टिकाच्या मॅकमुर्डो भागातला समुद्र जवळपास वर्षभर उणे १.९ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. खारट असल्यामुळे खालचे पाणी गोठत नाही, इतकेच. तिथे बर्फाच्या छपराखाली ‘ट्रेमॅटोमस बर्नाकी’ नावाचा वीतभर मासा मजेत राहतो, कारण त्याच्या रक्तात गोठणरोधक प्रथिने असतात. हेच पाणी ६ अंशांपर्यंत तापवले, तर तो फार काळ जगत नाही. आपण फ्रिजमधून काढतो ते गार पाणी त्याच्या जिवावर बेतू शकते!

प्रथिनाची साखळी ठरावीक घडीत बसली तरच ते काम करते. उष्णतेने घडी मोडते आणि मोडलेली प्रथिने एकमेकांना चिकटतात. अंडे उकडले की पांढरे घट्ट होते ते यामुळेच. यावर पेशीकडे उतारा असतो. एचएसपी-७० सारखी ‘हीट शॉक प्रथिने’ उसवलेल्या साखळ्यांना धरून घडी नीट बसवायला मदत करतात. एरवी हीच प्रथिने एचएसएफ-१ नावाच्या रेणूला रोखून ठेवतात. बिघाड वाढला की त्यांना तिकडे धावावे लागते आणि एचएसएफ-१ मोकळा सुटतो. असे तीन रेणू एकत्र येऊन केंद्रकात शिरतात, डीएनएवर ठरलेल्या जागी बसतात आणि हीट शॉक जनुके जोरात कामाला लागतात.

ही यंत्रणा प्रथम दिसली ती फळमाशीत. इटलीच्या फेरुचिओ रितोसा यांच्या प्रयोगशाळेत कुणीतरी इनक्युबेटरचे तापमान वाढवले आणि माशीच्या गुणसूत्रांवर, जागी झालेल्या जनुकांच्या ठिकाणी, नवे फुगवटे आले. हे त्यांनी १९६२मध्ये प्रसिद्ध केले. पुढे जवळपास जिथे शोधावे तिथे ही यंत्रणा सापडत गेली.

ट्रेमॅटोमसमध्ये मात्र सापडली नाही. संशोधक ग्रेचेन हॉफमन आणि सहकाऱ्यांनी त्याला तापवून पाहिले. हीट शॉक प्रथिने वाढलीच नाहीत, असे त्यांनी २०००मध्ये लिहिले. लाखो वर्षे पाणी एकसारखे थंड, मग गरज नसलेली यंत्रणा झिजली, असे वाटणे साहजिक होते. पण ही गोष्ट तेवढी सरळ नाही. नंतरच्या तपासात एचएसएफ-१ माशात असल्याचे दिसले, जनुकेही शाबूत होती. उलट एचएसपी-७० कुळातले प्रथिन तिथे कायमच भरपूर बनत होते. अतिथंडीतही प्रथिनांची घडी नीट बसत नाही, म्हणून दुरुस्ती बारमाही चालू! मला हा खुलासा जास्त पटतो: धोक्याची घंटा हरवलेली नाही, ती सतत वाजते आहे, त्यामुळे नव्या संकटाची वर्दी वेगळी ऐकू येत नाही.

तरी हे मासे अगदीच लाचार नाहीत. त्यांचा नातलग ‘पागोथेनिया’ ४ अंशांच्या पाण्यात काही आठवडे ठेवला, तर आधीपेक्षा जास्त ऊब सोसतो. पण ही सवय व्हायला आठवडे लागतात. अचानक पाणी तापले, तर वाढवायला जनुकांकडे राखीव असे फारसे काही उरलेले नाही.