सिंगापूरच्या वाटेवर देवनहळ्ळी

विमान कंपनीचा मेसेज आला तेव्हा आम्ही बंगळुरू विमानतळाजवळच्या हॉटेलात बॅगा टेकवत होतो. सिंगापूरचं विमान चोवीस तास पुढे गेलं होतं. मला रडूच आलं. लग्नाला 34 वर्षं झाली, पण आम्ही दोघंच असे कधी कुठे गेलो नव्हतो. आधी मुलांच्या शाळा, मग सासूबाईंचं आजारपण. नऊ वर्षं त्या अंथरुणावर होत्या. दरवर्षी "पुढच्या वर्षी नक्की" असं म्हणत यांची निवृत्ती झाली. शेवटी धुळ्याहून निघालो, तर हे असं!

हे खिडकीशी गप्प उभे होते. थोड्या वेळाने म्हणाले, "अगं, एक दिवस गेला म्हणून काय रडतेस? उलट एक दिवस जास्तीचा मिळाला."

सकाळी टॅक्सी ठरवली. छान ऊन पडलं होतं. चालकाने विचारलं, "कुठे?" आम्ही म्हटलं, "संध्याकाळपर्यंत जे दाखवाल ते."

किल्ल्यातलं गाव

पहिला थांबा देवनहळ्ळीचा किल्ला. विमानतळ या गावालाच लागून आहे, पण इथे उतरणारे बहुतेक प्रवासी थेट बंगळुरू गाठतात. 1501 मध्ये मल्लबैरेगौडा या स्थानिक नायकाने इथे मातीचा कोट बांधला. पुढे हैदर अली आणि टिपू सुलतान यांच्या काळात तो दगडी झाला. अर्धगोल बुरूज अजून भक्कम आहेत. गंमत म्हणजे आत आजही लोकवस्ती आहे. दारात रांगोळ्या, वाळत घातलेली धुणी, शाळेला निघालेली मुलं आणि मध्येच वेणुगोपाल स्वामींचं देऊळ. त्याच्या भिंतींवर रामायणातले आणि बाळकृष्णाचे प्रसंग कोरलेले आहेत. मी एकेक ओळखत गेले, हे फोटो काढत गेले.

टिपूचा जन्म याच गावातला. किल्ल्याजवळ त्या जागी खांबांचं छोटं स्मारक आहे. 1791 मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिसने हा किल्ला जिंकला. त्या युद्धात पेशव्यांचं सैन्य इंग्रजांच्या बाजूने होतं आणि परशुरामभाऊ पटवर्धन व हरिपंत फडके त्याचे सेनापती होते. त्याच्याही दीडशे वर्षं आधी, 1638 नंतर, बंगळुरू शहाजीराजांची जहागीर होती. आपण परक्या मुलखात आलोय असं वाटत होतं, ते इथेच विरलं.

बाहेर एका गाडीवर पपनस मिळालं. कानडीत त्याला चक्कोता म्हणतात. देवनहळ्ळीच्या चक्कोत्याला भौगोलिक मानांकन आहे. सोलून, तिखटमीठ लावून खाल्लं. आंबटगोड आणि रसाळ!

धुळ्याचे साहेब

पुढचा थांबा मुद्देनहळ्ळी. हे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचं जन्मगाव. त्यांचं घर आता स्मृतिसंग्रहालय आहे आणि समाधीही गावातच आहे. यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, त्यामुळे दारातच चपला काढून हे हात जोडून उभे राहिले.

विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी शिकले पुण्यात. 1884 मध्ये ते मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात लागले. सुरुवातीच्या काळात त्यांनी धुळ्यात काम केलं. पांझरा नदीच्या पात्रातून पाइप टाकून सायफनने पाणी पलीकडे नेण्याचं काम त्यांचंच. खडकवासला धरणाला स्वयंचलित दरवाजेही त्यांनीच बसवले, 1903 मध्ये. "आमच्या खात्यात यांचं नाव निघालं की मोठे साहेबसुद्धा उभे राहायचे," हे सांगत होते. यांच्या कामाबद्दल एवढं सलग मी 34 वर्षांत ऐकलं नव्हतं. मीच कधी विचारलं नव्हतं, हेही तेव्हा लक्षात आलं.

नंदीची देवळं

दुपारी नंदी गावातलं भोगनंदीश्वराचं देऊळ पाहिलं. इथले सर्वात जुने शिलालेख नवव्या शतकाच्या सुरुवातीचे आहेत. शिवाची तीन रूपं इथे मानतात. अरुणाचलेश्वर म्हणजे बाल्य, भोगनंदीश्वर म्हणजे तारुण्य आणि वर डोंगरावरचा योगनंदीश्वर म्हणजे वैराग्य. खालच्या दोन देवळांच्या मध्ये उमा-महेश्वराचं छोटं देऊळ आहे. नवी जोडपी तिथे आशीर्वादाला येतात.

आमच्या पुढे असंच एक जोडपं होतं. मुलीच्या हातावरची मेंदी अजून गडद होती. यांनी हळूच विचारलं, "आपणही जायचं?" मी म्हटलं, "अहो, या वयात?" तरी गेलो. नंतर पुष्करणीच्या पायऱ्यांवर बसलो. चारी बाजूंनी दगडी पायऱ्या, मध्ये शांत पाणी. तिथेच मी विचारलं, "सासूबाईंच्या दुखण्यात माझी एवढी वर्षं गेली, तुम्हाला कधी वाटलं का हो काही?" हे पाण्याकडे बघत म्हणाले, "रोज वाटायचं. बोलता नाही आलं." मला तेवढं पुरलं.

मग गाडीने नंदी हिल्सवर गेलो. उंची 1478 मीटर. आजारी गांधीजी 1927 मध्ये विश्रांतीसाठी इथे राहिले होते. यांचा गुडघा दुखत होता, म्हणून कड्यापर्यंत सावकाश, हात धरून गेलो.

जाताना गोंदूर भेटलं

संध्याकाळी विमानतळाच्या आवारातला केंपेगौडांचा 108 फुटी कांस्य पुतळा पाहिला. 1537 मध्ये बंगळुरू वसवणारे ते हेच. हा पुतळा घडवला शिल्पकार राम सुतार यांनी, आणि त्यांचं जन्मगाव गोंदूर, आमच्या धुळ्याला लागून! "म्हणजे सकाळपासून आपण गावातच फिरतोय की," हे म्हणाले आणि दोघंही हसलो.

दुसऱ्या दिवशी विमान सुटलं. सिंगापूर सुंदरच आहे. पण घरी आल्यावर नणंदेने फोटो मागितले, तर यांनी आधी दाखवला तो पुष्करणीच्या पायरीवरचा माझा फोटो. हातात पपनसाची फोड, तोंडावर ऊन.

तुम्हालाही जायचं असेल तर

• विमानाच्या वेळेआधी किंवा नंतर सात-आठ तास मोकळे असतील तरच हा पूर्ण फेरा करा. वेळ कमी असेल तर फक्त किल्ला बघा.
• टॅक्सी दिवसभरासाठी ठरवा आणि परतीची वेळ आधीच सांगून ठेवा.
• शनिवार-रविवारी नंदी हिल्सवर फार गर्दी होते. निघण्यापूर्वी प्रवेशाचे नियम पाहून घ्या.
• टोपी, पाणी आणि सहज निघतील अशा चपला हव्यातच. देवळातला दगड दुपारी चांगलाच तापतो.