फ्लूशी झुंज आणि ताटातील सूक्ष्म खनिजे

मृगाच्या सरी कोसळू लागल्या की कोकणातील घराघरांत खोकला-तापाची वर्दळ सुरू होते. प्रत्येक ताप इन्फ्लुएन्झाचा, म्हणजे फ्लूचा, नसतो. परंतु महाराष्ट्रात या रोगाचा जोर पावसाळ्यात, विशेषतः जुलै ते सप्टेंबर या काळात, अधिक असतो. ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी घेतला, तेव्हाची धास्ती अनेकांना आठवत असेल. पुढे २०२० मध्ये कोरोनाची साथ आली आणि जस्ताच्या, म्हणजेच झिंकच्या, गोळ्या घरोघरी पोहोचल्या. या खनिजांचे खरे कार्य तरी काय?

जस्त, सेलेनियम, लोह, तांबे यांना सूक्ष्म खनिजे म्हणतात, कारण शरीराला ती अत्यल्प लागतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला १७ मिलिग्रॅम, तर स्त्रीला सुमारे १३ मिलिग्रॅम जस्त पुरते. सेलेनियम तर केवळ ४० मायक्रोग्रॅम! तथापि ही चिमूटभर द्रव्ये नसतील तर रोगाशी लढणाऱ्या पेशी दुबळ्या पडतात. माणसातील जस्ताची उणीव प्रथम जगासमोर आणली ती बिहारमध्ये जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद यांनी, १९६० च्या दशकाच्या आरंभी, इराण व इजिप्तमधील वाढ खुंटलेल्या तरुणांच्या अभ्यासातून.

सेलेनियमची कथा अधिक विचार करायला लावणारी आहे. अमेरिकेतील संशोधिका मेलिंडा बेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सेलेनियम न मिळालेल्या उंदरांना सौम्य फ्लूची लागण केली असता त्यांच्या शरीरात विषाणूच बदलला आणि उग्र झाला. एकदा उग्र झाल्यावर त्याने सुपोषित उंदरांनाही सोडले नाही. हा प्रयोग उंदरांवरील आहे. माणसातही तसेच घडते असे त्यावरून म्हणता येणार नाही. तरीही उपाशी शरीरातील रोग केवळ त्या शरीरापुरता राहत नाही, हा इशारा त्यात आहे.

आपली जांभ्याची तांबडी माती लोहाने भरलेली आहे, पण ते लोह आपोआप रक्तात उतरत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. सर्वांना वाढून उरलेले जेवणारी आई फ्लूला अधिक सहज बळी पडली, तर नवल ते काय?

मग गोळ्या घ्याव्यात का? ज्याच्या शरीरात उणीव आहे, त्याला वैद्यकीय सल्ल्याने त्या उपयुक्त ठरतात. उणीव नसताना अधिक खाल्ल्याने अधिक बळ येत नाही. उलट, दीर्घकाळ अतिरिक्त जस्त घेतल्यास शरीरातील तांबे कमी होते आणि प्रतिकारशक्तीच खालावते.

खरा साठा आपल्या स्वयंपाकघरात आहे. खाडीतल्या कालवांइतके जस्त क्वचितच दुसऱ्या अन्नात सापडेल. मात्र ती स्वच्छ पाण्यातील असावीत व नीट शिजवावीत. तारली, बांगडा यांतून सेलेनियम मिळते. कुळीथ, मटकी मोड आणून खाल्ल्यास त्यांतील खनिजे शरीराला अधिक मिळतात. पालेभाजीवर लिंबू पिळावे. जेवणाला लागून चहा मात्र टाळावा, कारण तो लोह शोषू देत नाही.

हे सारे लसीला किंवा औषधाला पर्याय नव्हे. वृद्ध, गरोदर स्त्रिया, मधुमेही व दमेकरी यांनी पावसाळ्यापूर्वी फ्लूच्या लसीविषयी डॉक्टरांना विचारावे. धाप लागली, छातीत दुखू लागले वा मूल सुस्त पडले तर क्षणाचाही विलंब करू नये; फ्लूचे औषध पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक गुणकारी असते. आणि घरात जेवण वाढताना एकदा पाहावे: शेवटी बसणाऱ्या आईच्या ताटात मासळीचा तुकडा उरला आहे ना?