तारेचे कुंपण

ढोर दुसऱ्याच्या वावरात शिरलं, पऱ्हाटी खाल्ली, की दोन घरांत भांडण लागतं. हे आजचं नाही. 1871 साली सरकारने गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा केला. चुकार ढोर कोंडवाड्यात जाई, आणि मालकाला पैसे भरून ते सोडवावे लागे. पण पैसे भरल्याने खाल्लेलं पीक परत येत नाही. ढोर आपल्याच आवारात राहील, अशी तजवीज आधी केलेली बरी. ती कशी करावी, ते आम्ही इथे सांगतो.

आधी जागा मोजा. धुऱ्याचा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या. पांदण रस्ता मोकळा सोडा. मग हिशेब करा. एक एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. चौरस एकराची एक बाजू सुमारे 209 फूट भरते. चार बाजू मिळून 836 फूट. तारेचे चार पदर लावायचे, तर 3,344 फूट तार लागेल. दर 10 फुटांवर एक खांब धरला, तर सुमारे 84 खांब लागतील. हे आकडे कागदावर लिहा आणि मगच बाजारात जा.

दुकानदार विचारील, "12 गेज की 14 गेज?" इथे घोटाळा होतो. गेजचा आकडा वाढला, की तार बारीक होते. 12 गेजची तार अडीच मिलिमीटरांहून थोडी जाड असते. 14 गेजची तार सुमारे दोन मिलिमीटर असते. म्हैस कुंपणाला अंग घासते, म्हणून तिच्यासाठी जाड तार घ्या. तारेवर जस्ताचा मुलामा आहे ना, तेही पाहा. जस्त गेलं, की गंज चढतो.

काटेरी तारेचे पेटंट 1874 साली अमेरिकेत जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्याने घेतले. तिथल्या मोकळ्या माळावर कुंपणाला लाकूड मिळत नव्हते. ही तार स्वस्त पडते, पण तिच्यात कास फाटते, वासराचा डोळा जातो. म्हणून ढोरांच्या आवाराला साधी तार किंवा जाळी बरी. बकरी खालून निसटते. तिच्यासाठी जमिनीला टेकलेली, चार फूट उंच, बारीक घरांची जाळीच हवी.

तार कितीही चांगली असली, तरी कुंपणाचा जीव कोपऱ्याच्या खांबात असतो. सगळा ताण तोच झेलतो. त्याला दोन्ही बाजूंनी तिरपा टेकू द्या. घाटाखाली, पूर्णेच्या काठी, काळी माती आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे खांब कलतो. तिथे खड्डा अडीच फूट खोल घ्या आणि खांबाभोवती दगड व मुरूम ठोकून भरा. घाटावरच्या मुरमाड जागी दोन फूट पुरतात. लाकडी खांबाच्या बुडाला डांबर लावा, म्हणजे उधई लवकर लागत नाही. ज्या बाजूने ढोर रेटणार, त्याच बाजूने तार लावा. मग ढोर रेटेल तेव्हा तार खांबावरच दाबली जाईल. उलट्या बाजूने लावली, तर खिळे उपटतात.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. रोही आणि रानडुकरांना कंटाळून कोणी कोणी घरची किंवा पंपाची वीज थेट तारेत सोडतात. असं कधीही करू नका. ही वीज 230 व्होल्टची असते आणि सतत वाहते. हाताचे स्नायू आखडतात, तार सुटत नाही, आणि माणूस जागीच मरतो. रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारी मरतो. आपलाच पोरगा मरतो. कायद्याने हा गुन्हा आहे आणि मालकाला तुरुंगात जावं लागू शकतं. सौर झटका मशीनचं काम वेगळं आहे. ते सेकंदाला साधारण एकदाच, क्षणभर झटका देतं. जनावर दचकतं आणि मागे फिरतं. मशीन आयएसआय खुणेचं घ्या. अर्थिंग ओल्या जागी करा. धोक्याच्या पाट्या लावा. मदतीच्या योजनांची चौकशी वन खात्याच्या व कृषी खात्याच्या कार्यालयात करा.

कुंपण एकदा केलं म्हणजे झालं, असं नाही. पावसाआधी एक फेरी, पोळ्याच्या सुमारास दुसरी आणि पीक निघाल्यावर तिसरी फेरी मारा. खांब हलवून पाहा. सैल तार ताणा. पण फार ताणू नका, कारण थंडीत तार आखडते. गवत व वेली कापा, कारण ओलं गवत झटक्याच्या तारेला टेकलं की झटका जमिनीत उतरून जातो. तुटके तुकडे वेचून घ्या, नाहीतर ते चाऱ्यातून ढोराच्या पोटात जातात. ढोराला तार लागली, तर जखम धुऊन पशुवैद्याला दाखवा. माणसाला लागली, तर दवाखान्यात जाऊन धनुर्वाताची सुई घ्या.

कुंपण अडवण्यासाठी असतं, मारण्यासाठी नाही. एवढं ध्यानात ठेवून खांब रोवा.