पडदा पोखरणारी विकरे

"गाठीचा तुकडा तपासला, कॅन्सर निघाला, मग त्याच तुकड्याची पुन्हा 'इम्युनो' कशाला?" बारामती-इंदापूरकडचे नातेवाईक मला हे नेहमी विचारतात. पैशाचा मामला आहे, तेव्हा प्रश्न रास्तच.

उसाच्या रानाला जसा बांध, तसा आपल्या पेशींच्या थराखाली कोलॅजन आदी प्रथिनांचा पातळ पडदा असतो. कॅन्सर त्याच्या आत आहे तोवर बरे होण्याची आशा मोठी. पडदा फुटला की पेशी मानेतील, काखेतील गाठींत आणि रक्तात शिरतात. बांध खेकडे पोखरतात. हा पडदा विकरे, म्हणजेच एन्झाइम, पोखरतात. (कर्करोगातला 'कर्क' म्हणजेही खेकडाच!)

ही विकरे मुळात वैरी नव्हेत. १९६२ साली अमेरिकेत जेरोम ग्रॉस व शार्ल लापिएर यांना कोलॅजन तोडणारे विकर सापडले ते बेडकाच्या पिल्लाच्या शेपटीत. मोठे होताना ती शेपटी विरघळते. जखम भरताना, पाळीच्या वेळी गर्भाशयाचे अस्तर सुटताना आपल्यातही ती राबतात व काम झाले की आवरतात. कॅन्सरच्या गाठीत मात्र हा आवर सुटतो.

ती नेमकी कोठे आहेत, हे प्रतिपिंडे दाखवतात. ठरावीक विकरालाच चिकटणारे प्रतिपिंड तुकड्याच्या अतिपातळ कापावर सोडतात. मग रंग आणणारे द्रव्य घातले की जेथे विकर, तेथे तपकिरी डाग. नवल असे की, बऱ्याच गाठींत ही विकरे शेजारच्या, कॅन्सर नसलेल्या पेशीच बनवतात. घरच्यानेच चोराला कडी काढून द्यावी तसे! अर्थात डाग दिसला म्हणजे विकर कामाला लागलेच आहे, असे नाही. त्यांना रोखणारी मारिमास्टॅटसारखी औषधे १९९० नंतर आली, पण मोठ्या चाचण्यांत निराशाच झाली.

म्हणून विकरांचा हा शोध अजून बहुतांशी संशोधनापुरता आहे. तुम्हाला सांगितलेली 'इम्युनो' त्याच रीतीची. पण ती, उदाहरणार्थ, स्तनाच्या गाठीत हार्मोनचे ग्राहक व हर-२ शोधते आणि त्यावर औषध ठरते. ती टाळू नये.

काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्येच पाठवावा, मिठाच्या पाण्यात नव्हे. त्याचा मेणातला ठोकळा, म्हणजे 'ब्लॉक', जपून ठेवावा. पुण्या-मुंबईस जाताना तो रिपोर्टाबरोबर न्यावा, उन्हात मात्र ठेवू नये. आणि मिश्री, तंबाखूवाल्यांनो, तोंडातला चट्टा तीन आठवड्यांत गेला नाही तर तो डॉक्टरांना दाखवा.